एका गाडीचा मालक

सोलापूर जिल्ह्याच्या अर्थकारणाची गोष्ट सांगताना आपला क्रम ठरलेला असतो. १८७७ ची जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या इतर कापड गिरण्या, पूर्व भागातले माग आणि चादर, मग उजनीचे पाणी, त्या पाण्यावर वाढलेला ऊस, राज्यात सर्वाधिक संख्येने उभे राहिलेले साखर कारखाने, आणि आता सांगोल्याचे डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डातला कांदा. या गोष्टीत गिरणी कामगाराला मानाची जागा आहे, विणकराला आणि शेतकऱ्याला आहे, कारखाने काढणाऱ्या पुढाऱ्यांचे तर पुतळे आहेत. हा सगळा माल रातोरात वाशीला, हैदराबादला, बंगळूरला नेऊन पोचवणारा गाडीवाला मात्र या गोष्टीत कुठेच भेटत नाही. तो वर्तमानपत्रात भेटतो, पण अपघाताच्या बातमीत, आणि तेही बहुधा ‘चालक फरार’ एवढ्याच ओळखीने.

इथे मी मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांविषयी बोलत नाही. एकच गाडी, तीही बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या हातची, चालवणाराही मालकच, घर खेड्यात आणि दारासमोर गाडी वळेल एवढी जागा राखलेली, सोबतीला भाचा किंवा शेजारचा एखादा मुलगा किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, म्हणून घेतलेला. असा हा माणूस अपवाद नाही. देशातल्या ट्रकमालकांमध्ये पाचपेक्षा कमी गाड्या असलेलेच बहुसंख्य आहेत, आणि सोलापूरच्या ग्रामीण भागात तर एका गाडीचा मालक हाच नेहमीचा वाहतूकदार आहे. माझे म्हणणे असे आहे की, ‘मालक’ या एका शिक्क्याखाली आपण त्याचे श्रम हिशेबाबाहेर ठेवले आहेत; ते हिशेबात घेणे, विशेषतः त्याच्या ताटकळण्याच्या तासांना दर लावणे, हे या जिल्ह्याला आज अस्तित्वात असलेल्या कायद्यांच्या आधारेसुद्धा बऱ्याच अंशी करता येण्यासारखे आहे.

हे लिहिण्याला निमित्त आहेत आमच्या मोहोळ तालुक्यातल्या गावचे अण्णा. त्यांचे नाव देत नाही. घरच्यांना ते रुचणार नाही आणि नावाने युक्तिवादाला बळ येते असेही नाही. अण्णा गेले तेव्हा दहाव्याला रिवाजाप्रमाणे भाषणे झाली. कष्टाळू, मनमिळाऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी कुणाच्याही दहाव्याला चालतील अशी विशेषणे झाली. गावचा कांदा दलालाच्या गाडीची वाट न पाहता थेट वाशीला जाऊ लागला तो कुणामुळे, दुष्काळात लातूर-बार्शीकडून कडबा कुणी आणला, गावातल्या किती जणांच्या घराची वाळू, सिमेंट आणि पत्रे उधारीच्या भाड्यावर आले, याचा उल्लेख कुणी केला नाही. दोष वक्त्यांचा नाही. या कामाची नोंद ठेवायची आपल्याला सवयच नाही.

अण्णा गाडीच्या धंद्यात आले ते आवडीने नव्हे. जिरायती जमिनीत चार भावांचे भागणे शक्य नव्हते, म्हणून ते आधी किन्नर, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आणि पुढे मालक झाले. त्यांच्या मालक होण्यात एका कायद्याचाही हात होता. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्याखाली मालवाहतुकीचा परवाना मिळवणे हेच एक दिव्य होते आणि ज्याच्याकडे परवाना त्याच्याकडे धंदा, अशी स्थिती होती. १९८८ चा कायदा जुलै १९८९ पासून लागू झाला आणि परवाने पूर्वीच्या मानाने पुष्कळ सुटे झाले. त्यानंतरच्या दशकात खासगी फायनान्सवाल्यांकडून चढ्या व्याजाने कर्ज काढून जुनी टाटा किंवा लेलँड घेणारे ड्रायव्हर आमच्या भागात गावोगाव दिसू लागले. पाणी नसलेल्या शिवारात ट्रक हीच त्यांची बागायत होती. उदारीकरणावर आपण पुष्कळ चर्चा केली, परंतु खेड्यात ते प्रत्यक्षात कोणत्या रूपाने उतरले याचे हे एक ठळक उदाहरण आहे, आणि ते सहसा कुणी देत नाही.

अण्णांच्या मुलाने मला त्यांच्या वह्या दाखवल्या. शाळकरी मुलांच्या दोनशे पानी वह्या, पुठ्ठ्यावर एमएच १३ ने सुरू होणारा गाडीचा नंबर ठसठशीत लिहिलेला. डाव्या पानावर भाडे, आगाऊ मिळालेली रक्कम आणि राहिलेली बाकी. उजव्या पानावर डिझेल, टोल, पंक्चर, ग्रीस, वाराई, एंट्री, जेवण, किन्नरचा भत्ता. एंट्री म्हणजे रस्त्यावर वर्दीतल्या हातांत ठेवायची रक्कम, आणि ती त्यांनी चहापाण्याच्या खर्चाइतक्याच निर्विकारपणे लिहिली आहे. वाराई हा प्रकार मात्र बाहेरच्या वाचकाला समजावून सांगावा लागेल. माल दुसऱ्याचा, गोदाम तिसऱ्याचे, पण माल उतरवणाऱ्यांच्या मजुरीचा एक वाटा गाडीवाल्याच्या भाड्यातून कापला जातो, त्याला वाराई म्हणतात. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी घोषणा त्याविरुद्धच आहे. हमालाची मजुरी कमी करावी असे तिच्यात कुठेही नाही. ती मालाच्या धन्याने द्यावी एवढेच तिचे म्हणणे आहे.

या वह्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती कडेला पेन्सिलीने केलेली एक नोंद. ‘खोटी’, म्हणजे खोळंबा, असा शब्द आणि त्यापुढे दोन वेळा: गाडी लागली ती आणि खाली होऊन सुटली ती. एका पानावर कांद्याची गाडी यार्डात पहाटे तीनला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सुटली, असे आहे. इतर प्रत्येक नोंदीपुढे रुपये आहेत, या नोंदीपुढे काहीच नाही. ते सदतीस तास कुणीही विकत घेतले नाहीत, तरी ते खर्च झाले.

हे तास कसे जातात ते मार्केट यार्डात गेलेल्याला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत आवक वाढते. सोलापूर, धाराशिव, लातूर, नगर, पुणे आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागातून शेकडो गाड्या एकाच रात्रीत येतात. गाळ्यांपुढे जागा उरत नाही आणि हैदराबाद रस्त्यावर रांग लागते. गाड्या खाली होईनात म्हणून लिलाव एक-दोन दिवस बंद ठेवण्याची वेळही बाजार समितीवर आलेली आहे. गाडीवाला आडत्याच्या गाळ्यावर जाऊन विचारतो, ‘शेठ, गाडी कधी खाली व्हायची?’ आणि उत्तर मिळते, ‘होतीया की हो अण्णा, हमाल जेवायला गेल्यात, गडबड काय हाय?’ या उत्तरात दुष्टावा नसतो. आडत्याला जागा नसते, हमालांवर खरोखर ताण असतो, शेतकऱ्याला भाव चढेपर्यंत थांबावेसे वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भाव कोसळले, तेव्हा ही कुचंबणा आणखी वाढली. परंतु या सगळ्यांच्या अडचणींचा भार शेवटी जिथे येऊन थांबतो ती जागा म्हणजे उभी गाडी. बाजारात पुरेशी गोदामे नाहीत, आणि ती उणीव गाडीचा हौदा फुकट भरून काढतो.

फुकट म्हणण्याचे कारण असे की, कर्जाचा हप्ता, विमा, कर, पासिंग हे सगळे तारखेने चालते आणि कमाई मात्र चाक फिरले तरच होते. मोठ्या कंपनीची एखादी गाडी अडकली तर तिच्या इतर गाड्या धावत असतात, शिवाय तिच्या करारात थांब्याचा दर लिहिलेला असतो. एका गाडीच्या मालकाचा करार तोंडी असतो. हॉल्टिंग देऊ, असे ट्रान्सपोर्ट ऑफिसातला माणूस म्हणतो खरा, पण बिल्टी, म्हणजे माल गाडीत भरल्याची पावती, ट्रान्सपोर्टच्या नावाची असते आणि बाकी भाड्यासाठी पुन्हा त्याच्याच दारात जायचे असते, त्यामुळे वाद घालण्याची कुणाची छाती होत नाही. रिटर्न भाडे त्याच्याच हातात आहे, हे दोघांनाही ठाऊक असते.

वाया गेलेल्या या तासांचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ गाडीवाल्याचा नाही. सोलापूर ते वाशी हे अंतर सुमारे चारशे किलोमीटर आहे. भरलेल्या जुन्या गाडीला लिटरला चार किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज मिळते, म्हणजे एका फेऱ्यात नुसते जाताना शंभर लिटर डिझेल लागते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले, पण बोलीत ठरलेले भाडे बदलत नाही. यार्डात गेलेला दिवस भरून काढायचा तर एकच जागा उरते, ती म्हणजे रात्रीची झोप. टेंभुर्णीच्या ढाब्यावर दोन तास आडवे व्हायचे ते होत नाही. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोलनाके एकामागून एक मागे टाकत पहाटेचा बाजार गाठायचा असतो. मग एखादा डुलकी लागून दुभाजकावर जातो, आणि आपण रस्ता सुरक्षा सप्ताहात त्याला डोळे तपासण्याचा सल्ला देतो. डोळे जरूर तपासावेत. पण झोप कुणी खाल्ली हे विचारल्याशिवाय ती तपासणी अपुरी आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण ‘मालक’ या शिक्क्याचे खरे परिणाम तिथे दिसतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली, विश्रांतीचे नियम केले. परंतु तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या संस्थांना. हा कायदा आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे, तरी एकट्या मालक-चालकाची स्थिती तीच आहे. त्याच्या गाडीतून माल उतरवणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांनी उभ्या केलेल्या चळवळींमुळे हमालाला नोंदणी, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी मिळाल्या. तो देशाला अभिमान वाटावा असा कायदा आहे. रिक्षा आणि टॅक्सी चालकांसाठीही राज्याने अलीकडे कल्याणकारी मंडळ स्थापन केले. ट्रकच्या मालक-चालकाला यांतल्या कुठल्याच दारात प्रवेश नाही, कारण तो मालक आहे.

आयकराचे खाते मात्र त्याला बरोबर ओळखते. १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ४४एई हे दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी होते. जो हिशेबाची पुस्तके न ठेवता या कलमाखाली विवरण भरे, त्याच्या बारा टनांवरील गाडीचे उत्पन्न एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला एक हजार रुपये, असे गृहीत धरले जाई. म्हणजे सोळा टनांच्या गाडीने महिन्याला सोळा हजार रुपये कमावले असे मानायचे, मग ती महिनाभर धावली असो वा यार्डात उभी असो. लहान वाहतूकदाराचा त्रास वाचवण्यासाठी केलेली ही सोय आहे आणि ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसते की, लहान वाहतूकदार नावाचा एक वेगळा वर्ग आहे, त्याला दहा गाड्यांची मर्यादा घालून ओळखता येते, हे राज्यसंस्थेला कर घेताना अचूक कळलेले आहे.

म्हातारपणाचे काय, याचेही उत्तर असेच निसटते. २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी आणि लहान व्यापाऱ्यांसाठी केंद्राने दोन पेन्शन योजना आणल्या. साठीनंतर महिन्याला तीन हजार रुपये. दोन्हींत प्रवेशाचे वय अठरा ते चाळीस. नव्वदच्या दशकात गाडी घेतलेला माणूस तोपर्यंत पन्नाशीला पोचला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, मालक-चालकाला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा झाला. त्याने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांची सोय झाली, आणि ती आवश्यकच होती. पण अण्णांना घरी बसवले ते अपघाताने नव्हे, तर कमरेच्या मणक्याने आणि मधुमेहाने. वर्षानुवर्षे इंजिनाच्या धगीशेजारी बसून, वेळी-अवेळी खाऊन झालेल्या या दुखण्यांना कुठल्याही पॉलिसीत अपघात म्हणत नाहीत. शेवटी गाडी विकली गेली ती दवाखान्याच्या बिलासाठी. धंदा संपल्यावर मालकाच्या हाती भांडवल उरते असे आपण मानतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीचे पासिंग महाग झाल्यावर तिला भंगाराच्या आसपासच किंमत येते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुणी म्हणेल, त्याने स्वतःच्या इच्छेने धंदा केला, नफा झाला तेव्हा तो वाटायला आला नाही, मग तोट्याचे गाऱ्हाणे समाजापुढे का? शिवाय हेच लोक ओव्हरलोड भरतात, रस्ते खराब करतात, उसाच्या खेपेमागे शेतकऱ्याकडून एंट्रीच्या नावाने वरचे पैसे उकळतात आणि किन्नर म्हणून ठेवलेल्या पोराला जेवणाखाण्यावर राबवतात. यातले बरेचसे खरे आहे. अण्णा काही संत नव्हते. त्यांच्या वहीत किन्नरचा भत्ता आहे, पगाराचा रकाना नाही. मर्यादेपेक्षा जास्त माल भरल्याच्या पावत्याही त्याच वहीत टाचलेल्या आहेत. पण ओव्हरलोड भरण्याचा फायदा कुणाला होतो ते पाहावे. भाडे टनावर ठरते आणि दर इतका खाली असतो की, मर्यादेत भरलेली गाडी हप्ता फेडू शकत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने वजनाची मर्यादाच वाढवली, दोन ॲक्सलच्या गाडीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन केले; त्यातून मालकाच्या पदरात काय पडले? तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागल्यावर मालाच्या मानाने गाड्या जास्त झाल्या आणि दर आणखी घसरले, असे त्या काळात गाडी चालवणारा कुणीही सांगतो. राहिला प्रश्न इच्छेचा. दरावर ज्याचे काही चालत नाही, वेळेवर चालत नाही, कागदावर ज्याचे नाव नाही, त्याच्या स्वातंत्र्याला धंद्यातले स्वातंत्र्य म्हणणे मला पटत नाही.

उसाच्या हंगामात तर ही मालकी उघडउघड उलटी होते. तोडणी-वाहतुकीच्या करारात कारखाना वाहनमालकाला उचल देतो. वाहनमालकाने ती मुकादमाला द्यायची, मुकादमाने बीड किंवा आसपासच्या जिल्ह्यांतून कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड मजुरांची, टोळी आणायची. दसरा उलटतो, बॉयलर पेटतो, आणि काही मुकादम येतच नाहीत. किंवा येतात आणि महिन्याभरात रातोरात टोळी घेऊन दुसऱ्या कारखान्याकडे जातात. पैसे कारखान्याचे, मजूर मुकादमाचे, पण वसुली होते ती मधल्या गाडीवाल्याकडून, कारण करारावर सही त्याची आहे आणि जप्त करण्यासारखी वस्तू, म्हणजे गाडी किंवा जमीन, त्याच्याकडेच आहे. फसवणुकीचे गुन्हे नोंदवायला वाहनमालक पोलीस ठाण्यात येतात, पुढे वर्षानुवर्षे तारखा चालतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात असे लोक आहेत. अण्णांनाही एका मुकादमाने असेच बुडवले, आणि त्या हंगामानंतर ते उसाच्या वाटेला गेले नाहीत. इथे मला कारखान्यांच्या संचालकांना विचारावेसे वाटते की, कोट्यवधींची उलाढाल असलेल्या संस्थेला मजूर आणण्याची जोखीम पेलत नाही, तर ती एका गाडीच्या माणसाला कशी पेलावी? ऊसतोड कामगारांसाठी राज्यात महामंडळ आहे. मजुरांची, मुकादमांची आणि उचलीची नोंद त्यामार्फत होऊन कारखान्याने पैसे थेट टोळीच्या खात्यावर दिले, तर या साखळीतला निम्मा अंधार कमी होईल. मजुरांनाही त्याचा फायदाच आहे, कारण आज मुकादम उचल किती घेतो आणि टोळीला किती सांगतो हे त्यांनाही कळत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर गाडीवाला त्याला दोनदा भेटतो आणि दोन्ही वेळा वजाबाकी म्हणून. उसाच्या बिलात तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो, कांद्याच्या पट्टीत, म्हणजे आडत्याने दिलेल्या हिशेबाच्या कागदात, मोटार भाडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे, सगळा खर्च वजा जाता, दोन रुपये हाती आले आणि त्याचा धनादेश देशभर गाजला. त्या संतापाच्या भरात वाहतूकदार जणू लुटारूंच्या यादीत जाऊन बसला. ही यादी करणाऱ्यांना हे माहीत नसावे की, आमच्याकडे शेतकरी आणि गाडीवाला हे एकाच घरातले दोन भाऊ असतात, आणि भाव रुपया किलोवर आला की भाड्याची बाकी बुडणारा पहिला माणूस हा गाडीवालाच असतो.

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला तेव्हा पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवस का होईना, शहराला गाडीवाल्याची आठवण झाली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. संपानंतर ती थांबवण्यात आली आणि जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हाही ते उपकलम बाजूला ठेवले गेले. अपघातानंतर जमावाच्या हाती सापडण्याची भीती खरी आहे, आणि जखमीला रस्त्यावर टाकून जाणे अक्षम्य आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. त्या संपातून एवढे निष्पन्न झाले की एक तरतूद थांबली. गाडीवाल्याच्या कामाच्या तासांवर कुणी बोलले नाही. महामार्गांवर विश्रांतिगृहे उभारण्याची घोषणा झाली, १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगलेच आहे. पण तिसऱ्या हातची गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला ती केबिन यायला अजून बारा-पंधरा वर्षे आहेत, आणि विश्रांतिगृहात झोपायचे तर आधी यार्डातून गाडी वेळेवर सुटावी लागते.

म्हणून मला स्मारक, चौकाला नाव, जीवनगौरव असल्या गोष्टींत रस नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ ने प्रवासी गाड्यांप्रमाणेच मालवाहू गाड्यांचेही किमान आणि कमाल भाडे ठरवण्याविषयी निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. रिक्षाचे भाडे सरकार ठरवते, एसटीचे ठरवते. मालाच्या भाड्याला हात लावताना मात्र बाजाराच्या स्वातंत्र्याची आठवण होते. सगळ्या मालाचे सगळ्या मार्गांवरचे भाडे सरकारने ठरवावे अशी माझी मागणी नाही, त्यातून नवा घोळ आणि नवी एंट्री जन्माला येईल. पण डिझेलच्या दराशी जोडलेली किमान पातळी आणि ठरावीक तासांनंतरचा थांब्याचा दर, एवढे दोन आकडे जाहीर करणे अवघड नाही. दुसरे, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याजासह. तोंडी कराराचा तोटा सोसणाऱ्या गाडीवाल्याला ही तरतूद उपयोगी पडू शकते, परंतु त्यासाठी त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिक म्हणून सरकारदरबारी नोंद, हवी आणि बिल्टीवर ट्रान्सपोर्टच्या नावाबरोबर गाडीमालकाचे नाव आणि ठरलेले भाडे यायला हवे. आपल्या जिल्ह्यातल्या वाहतूकदार संघटनांनी संपाच्या हाकेइतकाच जोर या नोंदणीवर लावला असता तर बरे झाले असते.

आणि सुरुवात करायला मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचीही गरज नाही. बाजार समितीच्या दारावर गाडीची आवक नोंदली जाते. त्या पावतीत गाडी खाली झाल्याची वेळ लिहिण्याचा एक रकाना वाढवायचा आणि त्यावर आडत्याची सही घ्यायची. बारा तासांपर्यंत काही नाही, त्यापुढे तासाला अमुक रुपये. ही रक्कम शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता ज्याच्या गाळ्यावर गाडी अडली त्याने द्यायची, कारण पट्टीत आणखी एक वजाबाकी आली तर सगळ्या खटाटोपाचा अर्थच जाईल. अडचणी येतील हे उघड आहे. आवक अचानक वाढते तेव्हा आडत्याचा दोष नसतो, मग समितीने आदल्या दिवशी टोकन देऊन गाड्या टप्प्याटप्प्याने का बोलावू नयेत, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो. थांब्याचे पैसे कुणाला तरी द्यावे लागतील हे कळले की टोकनही निघेल आणि रात्रपाळीचे हमालही मिळतील, अशी माझी अटकळ आहे. आडत्यांचा विरोध होईल, तो त्यांनी समितीच्या सभेत लेखी नोंदवावा. एका हंगामापुरता हा रकाना ठेवून पाहायला, आणि हंगाम संपल्यावर त्यातले आकडे यार्डातल्या फलकावर लावायला, कुठल्याही नव्या कायद्याची परवानगी लागत नाही.